वसईची घंटा: खरा इतिहास आणि जादू एकत्र लिहिताना

भीमाशंकरला गेलात, पालीच्या बल्लाळेश्वराला गेलात, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर गेलात किंवा नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळासमोर उभं राहिलात तर एक गोष्ट सगळीकडे दिसते, ती म्हणजे चर्चची घंटा. जाडजूड, ओतीव, बघताक्षणी कळतं की ही आपल्याकडच्या घडणीची नाही. मेणवलीच्या घंटेवर 1707 साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी आहे, नाशिकच्या घंटेवर 1721. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं.

मला मात्र या घंटांनी अक्षरशः धरून ठेवलं. म्हणजे विचार करा ना, तीच वस्तू, तिने आधी लॅटिन प्रार्थना ऐकल्या, मग तोफा ऐकल्या, मग घाट चढताना बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकले असतील आणि त्यानंतर पावणेतीनशे वर्षं आरत्या ऐकतेय. एवढं ऐकलेल्या वस्तूला जर ते सगळं आठवत असेल तर? आणि कुणाला तरी ते ऐकू येत असेल तर? तिथून माझी कादंबरी सुरू झाली. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी, वसईच्या वेढ्यावर, इतिहास खरा आणि त्याच्या आत जादू. आपल्याकडे या वयासाठी ऐतिहासिक म्हटलं की चरित्र आणि फँटसी म्हटलं की राजकन्या आणि राक्षस, दोन्ही एकत्र फारसं मिळत नाही, आणि माझी स्वतःची पुतणी इंग्रजीतून तसलं सगळं वाचते, तिला लंडनच्या गल्ल्या पाठ आहेत आणि वसईचा जमीन दरवाजा माहीत नाही, तर मला ते मनापासून लिहायचं होतं. ते लिहिताना काय काय करावं लागलं ते इथे सांगतेय, कारण मला सुरू करताना असं कुणी सांगणारं हवं होतं.

सगळ्यात आधी वाचन. आणि वाचन म्हणजे फक्त लढाई नाही. वसई बहादूरशहाने 1534 मध्ये पोर्तुगीजांना दिली, म्हणजे 1739 पर्यंत 205 वर्षं तिथे पोर्तुगीज होते, सात-आठ पिढ्या झाल्या. माझ्या गोष्टीतल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पणजीच्या पणजीनेही दुसरं राज्य बघितलेलं नसणार, ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की तिच्याकडे बघायची नजरच बदलते. मग साष्टीची बखर वाचली, त्यात गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी ही मोहीम व्हावी म्हणून किती वर्षं धडपड केली ते येतं. मग सरदेसाईंनी छापलेले पेशवे दप्तराचे खंड, एकूण 45 आहेत, त्यातली वसई मोहिमेची पत्रं. आणि ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी, ज्याने मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या वर आणि पोर्तुगीजांचे आठशे असा आकडा दिलाय. पाच हजार! शाळेत आपण एक ओळ वाचतो, वसई जिंकली, आणि पुढे जातो.

पत्रांनी मला खरं शिकवलं. तारापूरच्या लढाईत जानेवारी 1739 मध्ये बाजी भीवराव हा मराठा सरदार पडला आणि त्याच्या आईला पेशव्यांकडून सांत्वनाचं पत्र गेलं. ते वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहूच शकले नाही. कारण तोपर्यंत माझ्या ड्राफ्टमध्ये मराठ्यांची छावणी म्हणजे झेंडे, घोडे, तंबू असं होतं, आणि त्या पत्रानंतर तिथे माणसं आली. कुणाची तरी आई घरी वाट बघतेय, आणि लढाई चालू असतानाच तिला काय आणि कसं लिहायचं याचा विचार करायला लागणारा कुणीतरी तिथे आहे. जादूच्या गोष्टीला सुद्धा हेच लागतं. जादू कुणावर होतेय ते माणूस आधी खरं वाटलं पाहिजे.

मोडी शिकले, थोडीफार. छापील खंड देवनागरीत आहेत त्यामुळे अगदी गरज होती असं नाही, पण माझ्या गोष्टीत एक मुलगा पत्र लिहिणाऱ्या कारकुनाजवळ बसून बघतो असा सीन होता आणि मला स्वतःच्या हाताला ते कळायला हवं होतं, की आधी आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, हात उचलायचा नाही. बोरूने लिहून बघितलं. त्या सीनमध्ये आता जे आहे ते बोटांतून आलंय, वाचून नाही.

आता तारखा. ही भानगड मी थोडी सविस्तर सांगते कारण मला यातून जे सापडलं त्याने अख्ख्या कादंबरीचा मधला भाग उभा राहिला. वसईत त्या वेळी एकाच दिवसाला वेगवेगळी नावं होती. पोर्तुगीज नवं ग्रेगरियन कॅलेंडर वापरायचे. मुंबईचे इंग्रज अजून जुनंच, ते 11 दिवस मागे, त्यांनी 1752 मध्ये बदललं. म्हणजे वसईचा तह 16 मे 1739 ला झाला तर इंग्रजांच्या कागदात ती 5 मे होते. आणि मराठ्यांकडे शके 1661, सिद्धार्थी नाम संवत्सर, शिवाय सरकारी कागदात शुहूर सन, तो अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहायचा, तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, 1139. आणि तो सन बदलायचा मृग लागल्यावर. मला हे इतकं आवडलं की चॅप्टरच्या सुरुवातीला प्रत्येक वेळी तारीख कोणाच्या नजरेने आहे ते बदलत ठेवलं, किल्ल्याच्या आतल्या चॅप्टरला पोर्तुगीज तारीख, बाहेरच्या छावणीला तिथी. मुलांना हे कोड्यासारखं सोडवता येतं.

तर ही टाइमलाइन एका मोठ्या कागदावर मांडत असताना माझ्या लक्षात आलं की 1739 चा इस्टर 29 मार्चला आला होता, वेढा ऐन भरात असताना. इस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. आणि ती पौर्णिमा कुठली, तर फाल्गुनातली. म्हणजे होळी! भिंतीच्या आत ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा आणि भिंतीच्या बाहेर मराठ्यांच्या छावणीत होळी, एकाच आठवड्यात. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की पवित्र आठवड्यात गुरुवारच्या मिस्सापासून (चर्चमधल्या प्रार्थनाविधीपासून) ते शनिवारपर्यंत चर्चच्या घंटा वाजवत नाहीत. गप्प ठेवतात. त्याऐवजी लाकडाचं खुळखुळ्यासारखं वाद्य वाजवतात. म्हणजे माझी घंटा, जिच्यावर सगळी गोष्ट उभी आहे, ती बरोबर त्याच दिवसांत मुकी. हे मी बनवलं नाही, हे कॅलेंडरनेच दिलं. मी इतकी खूश झाले त्या रात्री! त्या दिवसांत माझ्या नायिकेची जादू बंद पडते आणि तिला पहिल्यांदा जादूशिवाय निर्णय घ्यावा लागतो, आणि भिंतीपलीकडे होळ्या पेटलेल्या तिला दिसतात. कादंबरीचा कणा म्हणाल तर तो आठवडा.

किल्ल्यावर मी वारंवार गेले, वेगवेगळ्या ऋतूत. वसई पश्चिमेला उतरून रिक्षाने. एरवी तिथे प्री-वेडिंगचे फोटो आणि क्रिकेट चालू असतं, पण सकाळी लवकर गेलं तर कोळीवाड्याकडून येणारा सुक्या मासळीचा वास, वडाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती आणि आपण, बस्स. चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली, पोर्तुगीज अक्षरं पायाखाली झिजत चाललेली. मी तिथे बसून नावं वाचायचा प्रयत्न करायचे. जमीन दरवाजापासून दर्या दरवाजापर्यंत चालत गेले, घड्याळ लावून, भरउन्हात आणि नंतर संध्याकाळी, कारण माझ्या गोष्टीतली मुलगी एका सीनमध्ये तेवढं अंतर पळत जाते आणि तेवढ्या वेळात काय काय घडू शकतं ते मला नक्की हवं होतं. सेबास्तियन बुरुजाच्या बाजूला उभं राहिलं की समजतं मराठे इथूनच का आले. बाकी बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीची बाजू ही एवढीच.

आणि भरती-ओहोटी. खाडीच्या गोष्टीत भरती चुकवून चालतच नाही. धारावीचा किल्ला (मुंबईतली धारावी नव्हे, भाईंदरच्या बाजूची, वसईच्या समोर खाडीपलीकडची) मराठ्यांनी मार्चमध्ये घेतला तेव्हा खाडीचं तोंड आवळलं गेलं आणि आत रसद येणं अवघड झालं, हे नकाशावर वाचून एक कळतं आणि ओहोटीला खाडीकाठी उभं राहून वेगळं कळतं. तिथे एका कोळी आजोबांनी मला चंद्रावरून पाण्याची वेळ कशी काढायची ते शिकवलं, ते शिकवणं जसंच्या तसं गोष्टीत आलंय, गोष्टीतल्या मुलीला तिचा काका शिकवतो.

आता जादू. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

पहिल्यापासून माझ्या मनात एक पक्कं होतं की जादू बाहेरून आणायची नाही. छडी, मंत्र, ड्रॅगन, काही नाही. त्या काळातल्या त्या लोकांचा ज्यावर विश्वास होता त्यातूनच ती उगवली पाहिजे, मग ती परकी वाटत नाही. आणि घंटेबद्दल शोधायला लागले तर दोन्हीकडे केवढं भांडार! कॅथलिक रीतीत नवीन घंटेला पवित्र तेल लावून आशीर्वाद देतात, तिला नाव ठेवतात, एखाद्या संताचं. युरोपात वादळ आलं की घंटा वाजवायचे, तिच्या आवाजाने वादळ आणि भुतंखेतं पळतात म्हणून. आणि आपण पूजेला बसलो की पहिल्यांदा घंटा वाजवून काय म्हणतो? आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्. देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. म्हणजे दोन धर्म, समुद्राच्या दोन टोकांचे, आणि घंटेकडून अपेक्षा जवळजवळ तीच. ज्या दिवशी मला हे दिसलं त्या दिवशी माझी जादू ठरली. घंटेखाली जे बोललं जातं ते घंटेत राहतं. कपाळ टेकवलं की ज्याला ती शक्ती आहे त्याला ऐकू येतं. भाषा कुठलीही असो, धर्म कुठलाही असो. चर्चमध्ये असताना आणि देवळात असतानाही.

पण नुसती शक्ती देऊन भागत नाही. जादूला नियम नसतील तर वाचकाला काळजी वाटायची बंद होते, कारण पुढच्या पानावर लेखिका काहीही करून वाचवेल हे मुलांना लगेच कळतं, मुलं फार हुशार असतात यात. म्हणून मी नियम लिहून भिंतीवर लावले. घंटेला फक्त झालेलं आठवतं, होणारं कळत नाही. घंटा खोटं सांगत नाही पण अर्धवट सांगू शकते, कारण तिच्याखाली जेवढं बोललं गेलं तेवढंच तिच्याकडे आहे. आणि प्रत्येक वेळी ऐकलं की ऐकणाऱ्याच्या आठवणीतला एक आवाज ती घेते. आजीने म्हटलेलं गाणं, मैत्रिणीचं हसणं, असं काहीतरी. माझी नायिका कात्रीन, चर्चची घंटा वाजवणाऱ्या माणसाची मुलगी, सुरुवातीला भराभर ऐकत जाते आणि मग एक दिवस तिला कळतं की आईचा आवाज कसा होता तेच आठवत नाहीये.

आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी कुणासाठीही मोडला नसता. माणसांनी जे केलं ते जादूच्या नावावर टाकायचं नाही.

याच्यावर माझा एका एडिटरशी मोठा वाद झाला. म्हणजे माणूस चांगला, त्यांना गोष्ट आवडली होती, पण त्यांचं म्हणणं पडलं की मुलांसाठी आहे तर व्हिलन स्पष्ट हवा, पोर्तुगीज गव्हर्नरच्या अंगात एखादी दुष्ट शक्ती दाखवा, आणि चिमाजी आप्पांना देवीने दिलेली मंतरलेली तलवार द्या, कव्हरवर पण मस्त दिसेल. मी नाही म्हटलं. आणि का नाही म्हटलं ते सांगते.

गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. पोर्तुगीज मुलखात हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर बंदी आली, देवळं पाडली गेली, वडील गेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करायचे कायदे झाले. हे कागदावर सही करून माणसांनी केलं. शाई वापरून, शिक्के मारून. माझ्या गोष्टीतला दुसरा मुलगा, सटवा, सुरुंग खणणाऱ्या टोळीतला, त्याची आजी लहानपणी रात्रीतून खाडी ओलांडून पळाली होती ती याच कायद्यामुळे. आता मी जर म्हटलं की गव्हर्नरच्या अंगात राक्षस होता, तर त्या आजीवर झालेला अन्याय कुणाचाच उरत नाही. राक्षस मेला, संपलं. मुलांनी हे वाचून काय शिकायचं, की माणसं अशी वागत नाहीत? आणि तसंच तलवारीचं. पाच हजारांवर माणसं मेली-जखमी झाली तो किल्ला घेताना. आख्यायिका अशी आहे की आप्पा म्हणाले, किल्ला हाती येत नसेल तर निदान माझं डोकं तोफेने आत उडवा. हे शब्द खरे असोत वा नसोत, त्यामागची हातघाई खरी आहे. मंतरलेली तलवार दिली की ती सगळी माणसं फुकट गेली. वज्रेश्वरीला आप्पांनी नवस केला आणि जिंकल्यावर देऊळ बांधलं, ते मी घेतलं, पूर्ण श्रद्धेने घेतलं, पण देवी लढाईत उतरते असं केलं नाही. नवस हा त्या माणसाच्या मनातला आहे, आणि तो तिथेच जास्त ताकदवान आहे.

सुरुंगाचा चॅप्टर तर मी या नियमावरच तोलून लिहिला. मे महिन्याच्या मध्याला सेबास्तियन बुरुजाखालचे सुरुंग उडवले, काही वेळेवर उडाले आणि एक उशिरा उडाला, आत घुसायला पुढे गेलेली मराठ्यांचीच माणसं त्यात गेली. सटवाचा मोठा भाऊ त्यात आहे. पहिल्या वाचनात सगळ्यांनी विचारलं, घंटा त्याला आधी सांगू शकत नव्हती का? नव्हती. तिला होणारं कळत नाही. तो नियम मी त्या पानासाठीच केला होता. तिथे जादूने भाऊ वाचवला असता तर मला त्या खऱ्या माणसांकडे परत बघता आलं नसतं.

उलट बाजूचंही तेच. कात्रीनच्या वडिलांचं, तिच्या गावाचं काय झालं ते मी हात आखडता न घेता लिहिलं. किल्ल्याच्या आत उमराव राहायचे, फिदाल्गो, आणि आजूबाजूच्या गावांत इथलेच शेतकरी, बागायतवाले, कोळी, ज्यांचे पूर्वज कधीतरी ख्रिस्ती झालेले. त्यांच्यासाठी वेढा म्हणजे काय? चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून 15,000 रुपये कर्ज काढावं लागलं इतकी हालत झालेली. तो सीन मी लिहिलाय, मेणबत्त्यांच्या चांदीच्या समया पोत्यात भरताहेत आणि कात्रीन बघतेय, तिला कळतंय की आता काहीतरी संपत आलंय. मग तह. तहाच्या अटी वाचताना मला खूप बरं वाटलं होतं, सैन्याला शस्त्रांसह मानाने जाऊ दिलं, ज्यांना जायचं त्यांना सामान घेऊन जायची मुभा आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. 23 मेला पोर्तुगीज निघाले. मी पंचांग लावून बघितलं तर ती वैशाखी पौर्णिमेच्या आसपासची रात्र येते, म्हणजे उधाणाची भरती, गलबतं निघायला सोयीची. कात्रीनचं घर राहतं. वसईत आजही ख्रिस्ती गावं आहेत, केळीच्या बागा आहेत, कुपारी समाज आहे, त्यांची बोली आहे, सण आहेत, तर ती राहिलेली माणसं गोष्टीत असलीच पाहिजेत.

संवादांचं काय करायचं हा प्रश्न होताच. अठराव्या शतकातली मराठी जशीच्या तशी लिहिली तर तेरा वर्षांचं मूल दुसऱ्या पानावर पुस्तक ठेवून देईल. आणि आजच्यासारखं लिहिलं तर तो काळ राहत नाही. मी असं केलं की मुलं साधं बोलतात, मोठी माणसं थोडं जुन्या वळणाचं, आणि पत्रांची भाषा मात्र पूर्ण त्या वेळची, राजश्री, विनंती विशेष, हे सगळं. कादोडी, म्हणजे कुपारी समाजाच्या बोलीतली काही वाक्यं वसईतल्या एका बाईंनी मला तपासून दिली, त्यांनी तर आमच्याकडे असं रागावत नाही म्हणून एक अख्खं भांडण बदलायला लावलं आणि ते आधीपेक्षा कितीतरी जिवंत झालं.

नंतर मुलांकडून वाचून घेतलं. वसई आणि नाशिक दोन्हीकडच्या, आठवी ते दहावीतल्या. हे प्रत्येकाने करावं असं मी अगदी कळकळीने सांगेन, मोठ्यांचं मत नंतर घ्या, आधी मुलांना द्या. इतिहासाचे तपशील जास्त होतील अशी मला मोठ्यांनी भीती घातली होती, पण मुलांना तपशील जड जात नाहीत, उपदेश जड जातो. तीन कॅलेंडरचं कोडं त्यांनी वहीत मांडून सोडवलं. एक मुलगी, ख्रिस्ती घरातली, तिने विचारलं की घंटा परत येते का शेवटी? मी म्हटलं नाही, ती खरी घंटा आजही नाशिकला आहे, तू जाऊन बघू शकतेस. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग कात्रीनने तिला भेटायला तरी जावं. आणि नाशिकचा एक मुलगा, ज्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं की नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, त्याने विचारलं, घंटा जे आवाज घेते ते जातात कुठे?

मला वाटतं त्या दोन प्रश्नांनी माझा शेवट लिहिला. कारण आवाज जाणार कुठे, घंटेतच ना! कात्रीनने जे गमावलं ते सगळं त्या घंटेत आहे. आणि तारखा बघा, वसई पडली 1739 ला आणि नारोशंकराचं देऊळ बांधलं 1747 ला, मधे आठ वर्षं. घंटा या आठ वर्षांत कुठे होती, कोणाकडे होती, थळ घाटातून गेली की कसं, ती सगळी वाट मी माझ्या कल्पनेने भरली. चौदाची कात्रीन तोपर्यंत बावीसची झालेली. ती चालत नाशिकला जाते. एक ख्रिस्ती बाई, नव्या देवळाच्या दाराशी, कपाळ टेकवायला आलेली. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण तिला आईचा आवाज परत हवा असेल तर नियमाप्रमाणे दुसरा एक द्यावा लागणार, आणि कुठला द्यायचा हे तिलाच ठरवायचंय.

त्यासाठी नाशिकला मी भर पावसाळ्यात गेले होते. घंटा देवळाच्या भिंतीवर वर मधोमध टांगलेली आहे, हात पोचत नाही. कादंबरीत मी ती टांगायच्या आदल्या दिवशीचा प्रसंग घेतला, अजून जमिनीवर ठेवलेली, म्हणजे कपाळ टेकवता येतं. असे छोटे छोटे जुगाड सगळीकडे आहेत, खरी गोष्ट हलवायची नाही, तिच्या शेजारची रिकामी जागा शोधायची.

पुस्तकाच्या शेवटी मी चार पानं ठेवलीत, खरं काय आणि माझं काय. कात्रीन आणि सटवा माझे. तह, तारखा, सुरुंग, कर्ज, इस्टर आणि होळीचा आठवडा, घंटांवरची सालं, हे खरं. घंटा बोलते हे माझं. आधीच्या त्या एडिटरना ही पानं नको होती, जादू मोडते म्हणाले. मुलांनी मात्र कादंबरी संपल्यावर सगळ्यात आधी तीच पानं उघडली, आणि त्यातल्या दोघांनी सुट्टीत घरच्यांना मेणवलीला न्यायला लावलं. आता दुसऱ्या एका प्रकाशकाकडे पुस्तक आहे, ती पानं ठेवायचं ठरलंय, मुखपृष्ठाचं काम चालू आहे. चित्रकाराला मी किल्ल्याचे आणि घंटेचे माझे सगळे फोटो पाठवलेत आणि सांगितलंय की तलवार नको, घंटा काढा, आणि 1721 हे आकडे लांबून वाचता आले पाहिजेत.